प्राप्तिकराचा लोप आणि तुटीची भरपाई : १८६० ते १८८६

सरकारी जमाखर्चात खर्चाची बाजू जमेपेक्षा जड झाली, म्हणजे मराठीत ‘तूट आली’ किंवा ‘तूट पडली’ असे म्हणतात. दोन्ही क्रियापदे अकर्मक आहेत. पाऊस पडावा, अंधार पडावा, तशी तूट पडते. ती पाडणारा कोणी वाक्यात दिसत नाही. करासंबंधीचा वाक्प्रचार याहून निराळा आहे. कर ‘बसवतात’ व ‘उठवतात’. ही रूपे प्रयोजक असून त्यांना कर्ता लागतोच. या भेदामुळे एक समज सहज दृढ होतो. कर हे राज्यकर्त्याचे कृत्य आणि तूट ही मात्र दैवगती, असा तो समज होय. अर्थकारणाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने प्रथम हा समज बाजूस ठेवला पाहिजे. तूट येण्याच्या आधी कोणता कर कोणी उठवला होता आणि ती आल्यावर भरपाईसाठी कोणता कर कोणावर बसवला, हे दोन प्रश्न एकत्र विचारल्याखेरीज तुटीचा अर्थ लागत नाही.

या दृष्टीने १८६० ते १८८६ या काळातील हिंदुस्थानच्या प्राप्तिकराचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. या २६ वर्षांत हा कर दोनदा बसला, दोनदा उठला आणि शेवटी तिसऱ्यांदा बसून कायम झाला. याच काळात मुंबई इलाख्यातील मिठावरचा कर कसा बदलत गेला, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे भरपाईचा भार कोणत्या दिशेने सरकत होता ते स्पष्ट होते.

१. मोहतर्फा आणि मीठ

प्राप्तिकर ही इंग्रजांनी आणलेली सर्वस्वी अपूर्व वस्तू होती, असे म्हणता येत नाही. मराठी राज्यात दुकानदार, उदमी व कारागीर यांच्यावर ‘मोहतर्फा’ नावाचा कर असे. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला असून, व्यवसाय किंवा हुन्नर करणारा असा त्याचा मूळ अर्थ आहे. शेतकरी जमिनीचा सारा देतो, तर शेती न करणाऱ्यानेही आपल्या कमाईतून राज्यास काही द्यावे, ही कल्पना त्यामागे होती. मोहतर्फ्याची आकारणी ठिकठिकाणी वेगळी असे आणि तिचा जाच गरीब बलुतेदारासही होत असे. तथापि नांगर न धरणाऱ्या वर्गाला राज्याच्या खर्चाशी जोडणारा तो एक दुवा होता.

कंपनी सरकारने १८४४ च्या १९ व्या कायद्याने मुंबई इलाख्यातील शहरजकाती आणि धंद्यांवरील सर्व प्रकारचे कर रद्द केले. व्यापार मोकळा करणे हा या सुधारणेचा हेतू होता आणि कारागिराला तिचा खरा लाभही झाला. परंतु बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी निवडलेला जिन्नस होता मीठ. मिठावरील कर मणी ८ आणे होता, तो एकदम १ रुपया करण्यात आला. ऑगस्ट १८४४ मध्ये सुरतेस मोठा दंगा झाला आणि सरकारला माघार घेऊन १२ आण्यांवर थांबावे लागले. ८ आण्यांवर मात्र ते परत गेले नाही. या घटनेत पुढील ४० वर्षांच्या व्यवहाराचा नमुना दिसतो. व्यवसायावरचा कर उठतो, त्याच्या जागी उपभोगावरचा कर चढतो. विरोध झाला तर थोडासा उतरतो, पण मूळ पातळीवर येत नाही.

२. विल्सनचा कर

१८५७ च्या उठावाने कंपनीचे राज्य संपले आणि हिंदुस्थानच्या तिजोरीवर अभूतपूर्व बोजा पडला. उठाव मोडून काढण्याचा खर्च हिंदुस्थानच्याच नावे लिहिला गेला व सरकारी कर्जात सुमारे ४ कोटी पौंडांची भर पडली. ही तूट निस्तरण्यासाठी ‘इकॉनॉमिस्ट’ या प्रसिद्ध साप्ताहिकाचा संस्थापक जेम्स विल्सन याला अर्थसदस्य म्हणून कलकत्त्यास पाठवण्यात आले. १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्याने आपले अंदाजपत्रक मांडले आणि त्यात प्राप्तिकराची योजना जाहीर केली. वार्षिक २०० रुपयांखालील प्राप्तीला माफी, २०० ते ५०० रुपयांपर्यंत शेकडा २ आणि त्यापुढे शेकडा ४, असे दर ठरले. जमीनदार, व्यापारी, सावकार, पेन्शनर व गोरे अधिकारी हे सर्व या कराच्या कक्षेत आले. कायदा ५ वर्षांच्या मुदतीचा होता. तो जुलै १८६० मध्ये अमलात आला आणि ऑगस्टमध्ये विल्सन कलकत्त्यास निधन पावला.

विल्सनच्या मांडणीतील मुख्य मुद्दा न्यायाचा होता. नव्या राज्यव्यवस्थेपासून, आगगाडीपासून व वाढत्या व्यापारापासून ज्यांना सर्वाधिक लाभ झाला, त्या वर्गाकडून राज्याला जवळजवळ काहीच मिळत नव्हते. राज्याची जमा मुख्यत्वे जमिनीचा सारा, अफू व मीठ यांवर उभी होती. याविरुद्ध मद्रासचा गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन याने उघड मोहीम केली. हिंदुस्थानात प्रत्यक्ष कर बसवणे धोक्याचे असून तूट खर्च कमी करूनच भरून काढावी, असे त्याचे म्हणणे होते. आपले टिपण त्याने परस्पर वर्तमानपत्रांत प्रसिद्ध केले आणि या शिस्तभंगाबद्दल त्यास परत बोलावण्यात आले. तथापि दैवाचा योग असा की, हाच ट्रेव्हेलियन १८६३ मध्ये अर्थसदस्य होऊन कलकत्त्यास आला.

कर उतरण्यास मात्र त्यापूर्वीच आरंभ झाला होता. १८६२ मध्ये माफीची मर्यादा २०० वरून ५०० रुपयांवर नेण्यात आली. लहान करदात्यांची सुटका करणारा हा फेरफार सर्वथा योग्य होता, कारण त्यांच्याकडून मिळणारी रक्कम थोडी आणि वसुलीचा त्रास फार अशी स्थिती होती. १८६३ मधील सवलत निराळ्या स्वरूपाची होती. त्या वर्षी शेकडा ४ चा दर ३ करण्यात आला आणि ज्याची प्राप्ती अधिक त्याला सूटही अधिक मिळाली. १८६५ मध्ये मुदत संपताच कर नाहीसा झाला. त्याच्या जागी ट्रेव्हेलियनने काही निर्यात मालावर जकाती सुचवल्या होत्या. त्या लंडनच्या भारतमंत्र्याने नामंजूर केल्या.

याच ५ वर्षांत मुंबईत काय चालले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास पूर्वी कधी न आलेला भाव आला. कोट्यवधी रुपयांचा नफा शहरात आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सट्टेबाजांच्या शब्दावर बँका व कंपन्या उभ्या राहिल्या. ज्या वर्षांत मुंबईची मिळकत सर्वाधिक फुगली, त्याच वर्षांत मिळकतीवरचा दर खाली आला. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली आणि तो सारा डोलारा कोसळला. त्याच महिन्याच्या अखेरीस प्राप्तिकराचा कायदाही संपला. मिठाचा प्रवास याच्या नेमका उलट दिशेने चालला होता. मुंबई इलाख्यात मणी १२ आण्यांचा कर १८५९ मध्ये १ रुपया, १८६१ मध्ये सव्वा रुपया आणि १८६५ मध्ये दीड रुपया झाला.

३. मेयो ते नॉर्थब्रूक

कर उठल्यावर तूट फार काळ दूर राहिली नाही. १८६७ मध्ये धंद्यांवर परवाना-कर आणि १८६८ मध्ये त्याचेच सुधारलेले रूप असा दाखला-कर, हे दोन उपाय करून पाहण्यात आले. १८६९ मध्ये लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत प्राप्तिकर पुन्हा बसला. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल हे अर्थसदस्य होते. वर्षारंभी शिल्लक दाखवणारा अंदाज वर्षाच्या मध्यावर खोटा ठरला आणि मेयोंनी चालू वर्षातच कर वाढवण्याचे धाडसी पाऊल उचलले. शेकडा १ चा प्राप्तिकर उरलेल्या सहामाहीसाठी दुप्पट झाला, आणि त्याचबरोबर मुंबई व मद्रास या इलाख्यांतील मिठाचा करही वाढला. मुंबईत तो मणी १ रुपया १३ आण्यांवर गेला.

१८७० मध्ये प्राप्तिकराचा दर रुपयास ६ पै, म्हणजे शेकडा सव्वातीनहून किंचित कमी, असा ठरला. या दराने १८७०-७१ मध्ये सुमारे २० लक्ष पौंड, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने २ कोटी रुपये मिळाले. यानंतरची उतरण त्वरेची आहे. १८७१ मध्ये दर रुपयास २ पै झाला व माफीची मर्यादा ७५० रुपयांवर गेली. १८७२ मध्ये ती मर्यादा १,००० रुपये झाली. १८७२-७३ मध्ये कराचे उत्पन्न ६० लक्ष रुपयांच्या आत आले. लॉर्ड मेयो यांचा फेब्रुवारी १८७२ मध्ये अंदमानात खून झाला होता. त्यांच्या जागी आलेले लॉर्ड नॉर्थब्रूक यांनी १८७३ मध्ये हा कर पुढे न चालवण्याचा निर्णय घेतला. टेंपल यांचा कल कर राखण्याकडे होता, परंतु व्हाइसरॉयचे मत निर्णायक ठरले. हाती शिल्लक आहे, लोकांत असंतोष आहे, तेव्हा सर्वांत अप्रिय कर प्रथम जावा, अशी नॉर्थब्रूक यांची भूमिका होती.

१८७३ मध्ये ही माफी कोणास मिळाली, याचा हिशेब सोपा आहे. वर्षाला १,००० रुपयांखाली प्राप्ती असणारे पूर्वीच मुक्त झाले होते. म्हणजे या निर्णयाचा लाभ दरमहा ८० रुपयांहून अधिक प्राप्ती असणाऱ्यांनाच झाला. दरमहा १,००० रुपये मिळवणारा मनुष्य १८७० च्या दराने वर्षाला ३७५ रुपये आणि १८७२ च्या दराने १२५ रुपये देत होता. १८७३ पासून तो काहीच देईनासा झाला. मुंबई इलाख्यातील मिठावरचा १ रुपया १३ आण्यांचा कर मात्र जेथल्या तेथे राहिला. शिल्लक होती, म्हणून कर उठला हे खरे. परंतु त्या शिलकेतून मीठही स्वस्त करता आले असते.

४. कराविरुद्धचे आक्षेप

प्राप्तिकराच्या विरोधकांचे म्हणणे निव्वळ स्वार्थाचे होते, असे मानणे न्यायाचे होणार नाही. आकारणीची यंत्रणा अपुरी व अननुभवी होती. हिशेबाच्या वह्या पाहण्याच्या निमित्ताने कारकून व शिरस्तेदार लोकांना नाडीत. ज्यांच्यावर कर लागूच नव्हता, अशांकडूनही भीती घालून पैसे उकळल्याच्या तक्रारी सरकारी अहवालांतच आढळतात. दर दरवर्षी, कधी वर्षातून दोनदा बदलत असल्यामुळे व्यापाऱ्यांना स्थैर्य नव्हते. मिळणाऱ्या पैशाच्या मानाने होणारा क्षोभ फार मोठा आहे, या आक्षेपात तथ्य होते.

तरीही या आक्षेपांची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. जमिनीच्या साऱ्याच्या वसुलीत जुलूम नव्हता काय? मिठाच्या पहाऱ्यावरील शिपाई लाच घेत नव्हते काय? तो जुलूम, ती लाचलुचपत यांवरून सारा किंवा मिठाचा कर रद्द करावा, असे कोणी सुचवले नाही. दोहोंतील फरक तक्रार करणाऱ्याच्या आवाजाचा होता. प्राप्तिकर देणाऱ्यांत गोरे अधिकारी होते, कलकत्ता व मुंबई येथील व्यापारी पेढ्या होत्या, बंगालचे जमीनदार होते, वकील होते आणि वर्तमानपत्रांचे चालकही होते. इंग्रजी पत्रे व देशी पत्रे एरवी क्वचितच एका बाजूस असत. या करापुरते त्यांचे एकमत झाले होते. मिठाचा कर देणारा लिहीत नव्हता, आणि आपण कर देतो हेही त्याला कित्येकदा ठाऊक नसे, कारण तो कर किमतीतच मिसळलेला असे. राज्यकर्त्यांनी ज्याला ‘लोकांचा असंतोष’ म्हटले, तो वस्तुतः व्यक्त होऊ शकणारा असंतोष होता. ‘लोक’ या शब्दाची व्याप्ती किती, हा येथे केवळ शब्दार्थाचा प्रश्न राहत नाही.

न व्यक्त झालेला असंतोष दख्खनमध्ये साठत होता. पुणे जिल्ह्यातील पहिल्या ३० वर्षांच्या जमाबंदीची मुदत १८६७ पासून संपू लागली आणि इंदापूर तालुक्यापासून फेरआकारणी सुरू झाली. कापसाच्या तेजीच्या काळातील भाव दृष्टीसमोर ठेवून सारे चढवले गेले आणि ते अमलात येईपर्यंत भाव उतरले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने इलाख्यातील रयतेच्या स्थितीची चौकशी करून आपला अहवाल तयार केला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांच्या वह्या जळाल्या आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत दंगे पसरले. या दंग्यांचे निकट कारण सावकारी होते. परंतु सावकाराच्या दाराशी जाण्यास कुणब्याला भाग पाडणाऱ्या कारणांत साऱ्याचा हप्ता हे एक प्रमुख कारण होते.

५. दुष्काळाची तूट

प्राप्तिकर उठला त्याच वर्षी बिहारात दुष्काळ पडला आणि त्याच्या निवारणास सुमारे ६५ लक्ष पौंड खर्च झाला. १८७३-७४ च्या हिशेबात तूट आली. पुढे १८७६ ते १८७८ या काळात दख्खन, म्हैसूर व मद्रास या भागांत शतकातील एक भीषण दुष्काळ पडला. याच सुमारास चांदीचा भाव घसरून रुपयाची पौंडातील किंमत उतरू लागली होती आणि लंडनला द्यावयाच्या रकमा रुपयांत फुगत होत्या. तुटीची कारणे अशी तीन होती: दुष्काळ, हुंडणावळ आणि पुढे अफगाण युद्ध. प्राप्तिकराच्या लोपामुळेच तूट आली, असे म्हणणे म्हणूनच अतिशयोक्तीचे होईल. १८७२-७३ मधील त्याचे उत्पन्न एकंदर जमेच्या मानाने अल्प होते. लोपाचा खरा परिणाम निराळा आहे. तूट आली तेव्हा ज्या दाराने सधन वर्गाकडे जाता आले असते, ते दार बंद होते.

दुष्काळ वारंवार येणार हे मान्य करून लॉर्ड लिटन यांच्या सरकारने १८७८ पासून दुष्काळनिवारणासाठी दरसाल दीड कोटी रुपयांची तरतूद करण्याचे ठरवले. ही रक्कम कोठून आणावयाची? १८७०-७१ च्या प्राप्तिकराने एकट्याने २ कोटी रुपये दिले होते, हे वर आलेच आहे. तथापि तो मार्ग टाळून व्यापार व धंदे यांवर परवाना-कर बसवण्यात आला. मुंबई इलाख्यासाठी १८७८ चा तिसरा कायदा झाला. या करात आरंभी अत्यंत लहान कमाईचे दुकानदार व कारागीरही सापडले. याउलट मोठ्या व्यापाऱ्याला द्यावयाच्या रकमेस वरची मर्यादा होती. सरकारी अधिकारी, वकील, डॉक्टर अशा पगारदार व बुद्धिजीवी वर्गास तर तो लागूच नव्हता. दुष्काळाच्या विम्याचा हप्ता, दुष्काळात ज्याचे दुकान प्रथम बंद पडते त्याच्याकडून घेण्याचा हा प्रकार होता. एप्रिल १८७८ मध्ये सुरतेस पुन्हा दंगा झाला. १८४४ मध्ये निमित्त मिठाचे होते, या वेळी परवान्याचे. १८८० मध्ये ५०० रुपयांखालील कमाईस माफी देऊन सरकारने ही चूक काही अंशी सुधारली.

मिठाकडेही सरकार वळलेच. १८७७ च्या अखेरीस मुंबई व मद्रास इलाख्यांतील कर १ रुपया १३ आण्यांवरून अडीच रुपये करण्यात आला. ही वाढ शेकडा सुमारे ३८ होती. उत्तर हिंदुस्थानातील व बंगालमधील दर याहून चढे होते. ते थोडे उतरवून सर्व देशभर एकच दर करावा आणि प्रांतांमधील मिठाची जकातबंदी मोडावी, अशी अर्थसदस्य सर जॉन स्ट्रेची यांची योजना होती. एकंदर देशाच्या दृष्टीने तीत शहाणपण होते. परंतु दुष्काळ मद्रास व मुंबई इलाख्यांत असताना, दर नेमका तेथेच चढला. पाच माणसांचे कुटुंब वर्षाला अर्धा मण मीठ खाते असे धरल्यास, त्याचा मिठावरील कर साडेचौदा आण्यांवरून सव्वा रुपयावर गेला. दिवसाला दोन-तीन आणे मिळवणाऱ्या मजुराच्या सुमारे दोन दिवसांच्या कमाईइतकी ही वाढ होती.

या प्रकरणात सर रिचर्ड टेंपल पुन्हा भेटतात. १८७३ पूर्वी प्राप्तिकराची बाजू घेणारे हे अर्थसदस्य १८७७ च्या आरंभी दुष्काळी भागात खास प्रतिनिधी म्हणून फिरत होते. खर्च आवरण्यासाठी दुष्काळी कामावरील मजुरास रोज १ पौंड धान्य व १ आणा एवढेच द्यावे, असे प्रमाण त्यांनी घालून दिले. त्याच वर्षी ते मुंबईचे गव्हर्नर झाले आणि मिठाची वाढ व परवाना-कर या दोहोंची अंमलबजावणी त्यांच्याच कारकिर्दीत झाली. एका माणसाच्या चरित्रात १८७० चे ६ पै आणि १८७७ चे १ पौंड धान्य एकत्र येतात. तूट भरण्याचे काम प्राप्तीवरून पोटावर कसे आले, याची ही साक्ष आहे.

६. शिलकेचा विनियोग

परवाना-करातून उभा राहणारा पैसा दुष्काळासाठी राखून ठेवण्याचे अभिवचन फार काळ टिकले नाही. १८७८ मध्ये दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले आणि १८७९ मध्ये दुष्काळाची तरतूद स्थगित झाली. युद्धाच्या खर्चाचा अंदाज तर कोट्यवधी रुपयांनी चुकला. अशा ओढाताणीच्या वेळी, मार्च १८७९ मध्ये, लिटन यांनी आपल्या कौन्सिलातील बहुमत डावलून परदेशी जाड्याभरड्या कापडावरील आयात जकात काढून टाकली. ही सवलत मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची दीर्घकाळची मागणी होती. युद्ध संपून शिल्लक दिसू लागताच १८८२ मध्ये ईव्हलिन बेअरिंग यांनी मद्य, मीठ, शस्त्रे असे अपवाद वगळता आयात जकाती सरसकट रद्द केल्या. त्याच अंदाजपत्रकात मिठाचा कर मणी २ रुपये झाला, हे नमूद केले पाहिजे. मुंबई इलाख्यापुरते पाहता १८४४ नंतर प्रथमच तो उतरला. परंतु १८७७ पूर्वीच्या पातळीपेक्षा तो ३ आण्यांनी चढाच राहिला.

जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ याच काळातील, १८८३ चा आहे. सारा, लोकलफंड, मीठ, जकात या सर्वांचा भार शेतकऱ्यावर आणि त्यातून चालणारे पगार व पेन्शने मात्र गोऱ्या व काळ्या कामगारांना, ही त्यातील तक्रार अंदाजपत्रकाच्या भाषेत लिहिलेली नाही. तथापि वर दिलेला आकड्यांचा क्रम पाहिल्यावर तिच्यातील अर्थशास्त्र अचूक होते, असेच म्हणावे लागते. १८७३ ते १८८६ या १३ वर्षांत पगारदार वर्गाने राज्याला प्रत्यक्ष कर म्हणून काहीच दिले नव्हते.

७. कराचे पुनरागमन

१८८५ मध्ये तीन संकटे एकत्र आली. अफगाण सरहद्दीवर पंजदेह येथे रशियाशी तंटा उद्भवून सैन्य वाढवावे लागले. नोव्हेंबरात ब्रह्मदेशावर स्वारी झाली व १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा झाला. रुपया दीड शिलिंगाच्या आसपास घसरला. आयात जकाती पूर्वीच उठवल्या होत्या, तेव्हा तिकडे वळता येत नव्हते. या कोंडीत अर्थसदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी १८८६ चा दुसरा कायदा आणला. वार्षिक ५०० रुपयांपासून कर लागू झाला. पगारदारांना २,००० रुपयांपर्यंत रुपयास ४ पै व त्यापुढे ५ पै असा दर होता. शेतीचे उत्पन्न वगळले गेले आणि त्यामुळे विल्सनच्या करात सापडलेला बंगालचा जमीनदार आता बाहेर राहिला. वरिष्ठ व मध्यम वर्ग राज्याच्या खर्चाचा वाजवी वाटा उचलीत नाहीत, हे कॉल्व्हिन यांचे समर्थन विल्सनच्या युक्तिवादाचीच पुनरावृत्ती होती. २६ वर्षांनी सरकार पुन्हा त्याच वाक्यापाशी आले होते.

या वेळी कर टिकला, परंतु त्यामुळे मिठाची सुटका झाली नाही. १८८८ मध्ये पुन्हा तूट दिसताच मिठाचा कर देशभर अडीच रुपये झाला आणि १५ वर्षे तसाच राहिला. राष्ट्रीय सभेच्या प्रारंभीच्या अधिवेशनांत मीठ-कराचा निषेध झाला. त्याचबरोबर प्राप्तिकराची मर्यादा ५०० वरून १,००० रुपये करावी, अशीही मागणी झाली. दुसऱ्या मागणीत सभेला जमणाऱ्या वर्गाचे हित उघड होते. १९०३ मध्ये सरकारने दोन्ही गोष्टी केल्या: मीठ २ रुपयांवर आले आणि माफीची मर्यादा १,००० वर गेली. तत्पूर्वी १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात गोपाळ कृष्ण गोखले यांनी शिलकेचाही असाच छडा लावला होता. दुष्काळाने पिडलेल्या देशाच्या तिजोरीत वर्षानुवर्षे शिल्लक पडते, ती भरभराटीची खूण नसून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याची खूण आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्राप्ती वाढेल तसा चढत जाणारा दर हिंदुस्थानात प्रत्यक्षात आला तो १९१६ मध्ये, महायुद्धाच्या तुटीमुळे.

८. समारोप

या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, सधन वर्गावरील कर शिलकेच्या वर्षी उठवला जातो, आणि तो उठवताना शिल्लक कायमची आहे असे गृहीत धरले जाते. तूट मात्र दुष्काळ, युद्ध व हुंडणावळ यांबरोबर परत येते. दुसरी अशी की, परत आलेली तूट उठवलेल्या करानेच भरली जाईल, याची काही शाश्वती नसते. १८७३ मध्ये मिटलेले दार उघडण्यास १३ वर्षे लागली आणि मधल्या काळातील भरपाई मीठ व किरकोळ दुकानदार यांच्याकडून झाली. तिसरी अशी की, कराचे प्रमाण त्याच्या न्याय्यतेपेक्षा करदात्याच्या आवाजावर अधिक अवलंबून राहिले. मुंबई इलाख्यात १८४४ पासून १८८२ पर्यंत मिठाचा कर एकदाही उतरला नाही. त्याच अवधीत प्राप्तीवरचा कर दोनदा संपूर्णपणे उठला.

तूट पडते, हे म्हणणे व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. १८७७ च्या दख्खनमध्ये पाऊस पडला नाही, यालाही कोणी कर्ता नव्हता. परंतु त्या वर्षीच्या तुटीची भरपाई अर्ध्या मण मिठातून व्हावी आणि दरमहा १,००० रुपयांच्या पगारातून होऊ नये, हे कोणीतरी ठरवले होते. तो निर्णय घेणाऱ्यांची नावे, तारखा आणि दर कागदोपत्री उपलब्ध आहेत.